वसाहतीत पाळीव कुत्र्यांचे नियम कसे करावेत आणि ते कसे पाळले जावेत

पाळीव कुत्र्यांवरून वसाहतीत वाद पेटला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. मालक म्हणतो, ‘‘अहो, घाबरू नका, तो काही करत नाही.’’ समोरचा म्हणतो, ‘‘मग आम्ही घराबाहेर पडायचेच नाही का?’’ दोघेही मनापासून बोलत असतात. मालकाने आपला कुत्रा घरात, ओळखीच्या माणसांत पाहिलेला असतो. समोरच्याने तोच कुत्रा जिन्याच्या वळणावर, ध्यानीमनी नसताना, हातभर अंतरावर पाहिलेला असतो. मग चर्चा कुत्रा स्वभावाने चांगला की वाईट यावर घसरते आणि या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बैठकीत निघत नाही. म्हणून नियम कुत्र्याच्या स्वभावावर न बेतता मालकाच्या कृतीवर बेतावा, आणि ती कृतीही अशी असावी की ती झाली की नाही हे कोणत्याही तिऱ्हाइताला नुसते पाहून सांगता यावे. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीला धरून आहेत.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याच बैठकीत मिसळू देऊ नये. त्याचे कायदे वेगळे, उपाय वेगळे आणि जबाबदार यंत्रणाही वेगळी असते. दोन्ही विषय एकत्र आले की पाळीव कुत्र्यांच्या मालकांना पळवाट मिळते आणि भटक्या कुत्र्यांबाबतही काही ठरत नाही.

पहिली पायरी: तक्रारी लिहून घ्या आणि वेगवेगळ्या करा

‘‘कुत्र्यांचा फार त्रास होतो’’ या तक्रारीवर काहीही करता येत नाही. त्यासाठी एक नोंदवही ठेवावी आणि निदान महिनाभर प्रत्येक प्रसंग तीत एकाच पद्धतीने लिहिला जावा: तारीख, वेळ, जागा, कुत्रा कोणासोबत होता, पट्टा होता का आणि नेमके काय घडले. एक नमुना पाहा: ‘सकाळी ७ वाजून १० मिनिटे. पूर्वेकडचा जिना, दुसरा मजला. तपकिरी मोठा कुत्रा, पट्टा नाही, मालक एक मजला मागे. शाळेला निघालेली मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली. कुत्रा तिला हुंगून खाली गेला.’ या नोंदीत चावा नाही, गुरगुरणे नाही, कोणावर आरोपही नाही; तरीही जिन्यात पट्टा का हवा हे ती वाचणाऱ्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. उलट ‘अमक्यांचा कुत्रा धोकादायक आहे’ असे लिहिले की ते वाक्य ताबडतोब भांडणाचा विषय होते.

मालकांच्या तक्रारीही याच वहीत याव्यात. मुले कुत्र्याला दगड मारतात, कोणी मुद्दाम काठी आपटतो, कोणी फाटक उघडे टाकून जातो, कोणी न विचारता कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवतो, हेही घडत असते आणि त्यातून पुढे चावाही होऊ शकतो. वही दोन्ही बाजूंची आहे हे दिसले तरच तिच्यावर विश्वास बसतो.

महिन्याअखेरीस नोंदी भीती, आवाज, घाण आणि इजा अशा चार गठ्ठ्यांत लावाव्यात. भीतीवर पट्टा आणि अंतर हे उपाय आहेत. आवाजाचे कारण बहुधा कुत्र्याच्या घरातल्या दिनक्रमात सापडते. घाण हा पूर्णपणे मालकाच्या सवयीचा प्रश्न आहे. इजा झाली की विषय आरोग्याचा आणि कायद्याचा होतो. चारही गोष्टींवर एकच नियम लावायला गेले की तो ‘कुत्रे नकोतच’ इथे तरी येऊन थांबतो किंवा इतका मोघम होतो की त्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

दुसरी पायरी: कायदा काय म्हणतो ते आधी पाहा

वसाहतीचा ठराव कायद्याच्या वर नसतो. नोंदणी, रेबीजची लस, चाव्याची खबर देण्याचे बंधन आणि प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास मनाई या चार बाबींवर स्थानिक कायदा काय सांगतो ते बैठकीपूर्वी लेखी मिळवावे. कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालणारा किंवा ‘कुत्रा काढा, नाहीतर घर सोडा’ असे सांगणारा ठराव अनेक ठिकाणी टिकत नाही, आणि एकदा असा ठराव मागे घ्यावा लागला की पुढचे साधे नियमही कोणी मनावर घेत नाही.

मालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक देशांत कुत्र्याने केलेल्या इजेची भरपाई मागताना मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही; कुत्रा त्याचा आहे एवढे पुरते. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याने तर कुत्र्यासाठी दायित्व विमा, म्हणजे कुत्र्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा केला आणि २०१३ पासून नव्या मालकांना कुत्र्यांविषयीच्या ज्ञानाची परीक्षाही लावली. जिथे असा विमा मिळतो तिथे तो घेणे शहाणपणाचे आहे.

तिसरी पायरी: जातीवर बंदीचा प्रस्ताव आला तर

तो येतोच. एखादी भयंकर बातमी वाचून कोणीतरी म्हणते की अमुक जातीचे कुत्रे वसाहतीत नकोत. या प्रस्तावामागची भीती खोटी नाही, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्याचा आजवरचा अनुभव बैठकीपुढे अवश्य ठेवावा.

ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा करून पिट बुल टेरियर, जपानी तोसा, दोगो अर्जेंतिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. तीन दशके उलटल्यावर त्या यादीत एक्सएल बुली हा प्रकार घालावा लागला, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय असा कुत्रा बाळगणे गुन्हा ठरले. एक प्रकार बंद झाला की दुसरा पुढे येतो, ही यादीची मूळ अडचण आहे. नेदरलँड्सने जातीवरची आपली बंदी उठवण्याचे २००८ मध्ये ठरवले, इटलीने २००९ मध्ये जातींची यादी बाजूला ठेवून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला, आणि अमेरिकेतील डेन्व्हर शहराने १९८९ पासून चालत आलेली पिट बुलवरची बंदी २०२० मध्ये मतदानाने बदलून तिच्या जागी परवाना आणला. कॅनडातील कॅल्गरी शहराने जात न पाहता परवाना, दंड आणि लोकशिक्षण यांवर आपले नियम उभे केले आणि जबाबदार मालकी हेच नियमाचे नाव ठेवले.

याहून बोलका पुरावा अमेरिकेतील एका अभ्यासात आहे. २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या २५६ मृत्यूंची त्यात छाननी झाली. त्यांपैकी केवळ १७.६ टक्के प्रकरणांत कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली. याउलट ८७ टक्के प्रकरणांत मध्ये पडून सोडवू शकेल असे कोणी जवळ नव्हते, ८४ टक्के प्रकरणांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती, आणि ७६ टक्के प्रकरणांत कुत्रा माणसांच्या रोजच्या सहवासापासून दूर, बांधून किंवा कोंडून वाढवलेला होता. अशी चार किंवा अधिक कारणे एकत्र आलेली प्रकरणे ८० टक्क्यांहून जास्त होती. यातली बहुतेक कारणे माणसाच्या हातातली आहेत. जातीवर बंदी घालून या कारणांना हात लावला नाही, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होते.

तरीही विरोधी बाजूचा एक मुद्दा बिनतोड आहे: मोठ्या, ताकदवान कुत्र्याचा चावा लहान कुत्र्याच्या चाव्यापेक्षा कितीतरी भयंकर असतो. हा मुद्दा मान्य करावा आणि त्याचे उत्तर यादीत न शोधता पट्टा धरणाऱ्याच्या ताकदीत शोधावे. चाळीस किलोंच्या कुत्र्याचा पट्टा दहा वर्षांच्या मुलाच्या हातात असेल तर कुत्र्याची जात कोणतीही असो, तो कुत्रा मोकळाच आहे असे समजावे.

चौथी पायरी: नियमाचे शब्द

‘मालकांनी आपले कुत्रे नियंत्रणात ठेवावेत’ हे वाक्य दिसायला चांगले, पण त्याने काहीच ठरत नाही, कारण मालकाच्या मते कुत्रा नेहमीच नियंत्रणात असतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘घराच्या दारातून बाहेर पडल्यापासून वसाहतीच्या फाटकापर्यंत, आणि परत येताना फाटकापासून दारापर्यंत, कुत्रा दोन मीटरपेक्षा जास्त लांब नसलेल्या पट्ट्याला बांधलेला असेल आणि पट्ट्याचे दुसरे टोक त्या कुत्र्याला ओढून थांबवू शकणाऱ्या व्यक्तीच्या हातात असेल.’ या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासता येतो. ‘दारातून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पट्टा खाली पोहोचल्यावर अडकवायचा अशी अनेकांची सवय असते आणि जिन्यातले बरेचसे प्रसंग तिच्यामुळेच घडतात.

लांबीची अटही उगीच नाही. बटण दाबले की दोरी सुटत जाणारे पट्टे पाच ते आठ मीटरपर्यंत लांबतात. कुत्रा रस्त्याच्या एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला आणि मधली बारीक दोरी संध्याकाळच्या उजेडात दिसतही नाही. तिच्यात सायकलस्वार अडकतो, आणि धावत्या कुत्र्याला थांबवण्यासाठी कोणी ती हाताने धरली तर बोटे चिरतात. मोकळ्या मैदानात असा पट्टा चालेल, वसाहतीच्या वाटेवर तो नको.

लिफ्टसाठी वेगळे कलम करावे, कारण वादाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. लिफ्टमध्ये माणसाला मागे सरायला जागा नसते आणि कुत्र्यालाही नसते. दार उघडताच दोघे नाकासमोर येतात आणि घाबरलेला कुत्रा पळू शकत नसेल तर चावण्याकडे वळतो. म्हणून आत कोणी असेल तर मालकाने आधी विचारावे आणि ‘नको’ असे उत्तर आले तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, पट्टा आखूड आणि मालकाचे शरीर कुत्रा व दार यांच्या मध्ये असावे, म्हणजे वाटेत दार उघडले तरी कुत्रा पुढे झेपावू शकत नाही. दृष्टिहीन किंवा अपंग व्यक्तींच्या साहाय्यक कुत्र्यांना या कलमातून सूट द्यावी.

तोंडाच्या जाळीची सक्ती सगळ्यांवर करू नये. ज्याने पूर्वी चावा घेतला आहे किंवा जो माणसांच्या अंगावर धावून गेल्याची नोंद आहे, अशा कुत्र्यासाठी ती ठेवावी आणि जाळी टोपलीच्या आकाराचीच असावी असे स्पष्ट लिहावे. कुत्रा आपले अंग मुख्यतः धापा टाकून थंड करतो. टोपलीसारख्या जाळीत त्याला तोंड उघडता येते, पाणी पिता येते. तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी उन्हात फिरताना त्याच्या जिवावर बेतू शकते. जाळीची सवय लावायलाही वेळ द्यावा लागतो: आधी नुसती हुंगू द्यावी, मग आत खाऊ ठेवावा, आणि कुत्रा आपणहून तोंड घालू लागल्यावरच ती बांधावी.

सतत पट्ट्याचे बंधन घातले तर कुत्र्याला मनसोक्त धावण्याची सोयही करावी लागते. ज्या कुत्र्याला धावायला मिळत नाही तो घरात भुंकतो, वस्तू कुरतडतो आणि बाहेर पडला की ओढतो. म्हणजे एक तक्रार मिटवताना दुसरी उभी राहते. जागा असेल तर कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा ठरावीक वेळेपुरता राखून ठेवावा आणि त्याला एकामागे एक अशी दोन दारे ठेवावीत. पहिले दार लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, एवढी शिस्त असली की आत येणाऱ्याच्या पायांतून दुसरा कुत्रा निसटत नाही. जागा नसेल तर मालकांनी बाहेर जाऊनच ती सोय करायची आहे हे नियमात लिहून टाकावे.

विष्ठेबाबत एकच वाक्य पुरे: ‘कुत्र्याने जिथे घाण केली तिथून ती मालकाने त्याच वेळी उचलून ठरलेल्या डब्यात टाकावी.’ न्यूयॉर्क शहरात १९७८ पासून ही सक्ती लागू आहे आणि नंतर जगभरातील अनेक शहरांनी तसेच नियम केले. ‘त्याच वेळी’ या शब्दांना आरोग्याचा आधार आहे. कुत्र्याच्या आतड्यातील टॉक्सोकारा या जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडताच बाधक नसतात. तशी व्हायला त्यांना काही आठवडे लागतात, पण एकदा मातीत मिसळली की ती वर्षानुवर्षे टिकू शकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जातात. ताजी घाण उचलली तर हा धोका सुरू होण्याआधीच संपतो. शिवाय मालकाच्या हातात पिशवी आहे की नाही हे दुरूनही दिसते. म्हणून ‘बाहेर पडताना पिशवी सोबत असलीच पाहिजे’ असेही जोडावे.

कुत्रा न पाळणाऱ्यांसाठीही दोन-तीन कलमे हवीत. मालकाला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावू नये. बांधलेल्या, खात असलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. कुत्र्याला डिवचणे, खडे मारणे किंवा कोंडणे हाही नियमभंग मानला जाईल. मुलांना एक गोष्ट प्रत्यक्ष करून शिकवावी: अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, हात अंगाशी घेऊन, नजर खाली ठेवून खांबासारखे स्थिर उभे राहायचे.

पाचवी पायरी: नोंदणी

प्रत्येक कुत्र्यासाठी एक पान असावे: छायाचित्र, वय, मालकाशी संपर्क कसा करावा, मालक नसताना कोणाला बोलवावे, रेबीजच्या लसीची पुढची तारीख, नसबंदी झाली आहे का आणि मायक्रोचिपचा क्रमांक. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसवतात आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिच्यावर पंधरा अंकी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही, कुत्रा कोणाचा आहे एवढेच सांगते, आणि तेही मालकाने नोंदणीतला पत्ता बदलत ठेवला तरच. अनेक मालक चिप बसवतात आणि घर बदलल्यावर नोंद बदलायला विसरतात.

लसीच्या तारखेवर लक्ष ठेवणे हे या पानाचे सर्वांत मोठे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात, माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यांकडून येतो, आणि बळींपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली तर रोगाची साखळी तुटते. वसाहतीतील पाळलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ७० टक्क्यांवर समाधान मानायचे कारण नाही. तिथे एकही कुत्रा लसीवाचून राहता कामा नये.

सहावी पायरी: मालकाचे घरातले काम

हा भाग कोणत्याही ठरावात बसत नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचे वाटते. त्या दिवसांत त्याने काठी घेतलेली माणसे, पळणारी मुले, छत्र्या, चाकाच्या खुर्च्या, टोपी घातलेली आणि दाढीवाली माणसे शांतपणे पाहिली नसतील, तर पुढे ती प्रत्येक गोष्ट त्याला धोक्याची वाटू शकते. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर सोडायचे नसेल तर कडेवर घेऊन फिरवावे, पण घरात कोंडून ठेवू नये.

कुत्रा अचानक चावला असे लोक म्हणतात. बहुतेक वेळा त्याने आधी सांगितलेले असते, ते वाचले गेलेले नसते. आधी तो मान फिरवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग उघडे असलेले तोंड मिटते, अंग ताठ होते, श्वास रोखल्यासारखा वाटतो आणि डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसू लागते. त्यानंतर गुरगुरणे, दात दाखवणे, हवेत तोंड मारणे, आणि शेवटी चावा. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे हा समज घातक आहे. ताठ उभारलेली आणि जागच्या जागी थरथरत हलणारी शेपूट तणावाची खूण असते. तोंड मिटले आणि अंग ताठ झाले की मालकाने समोरच्याशी गप्पा आवरत्या घेऊन कुत्र्याला वळवून दूर न्यावे. कोण काय म्हणेल याचा विचार नंतर करावा.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणे ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक आहे. मार बसला की भीती तशीच राहते, फक्त इशारा बंद होतो, आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावतो. गुरगुरला की अंतर वाढवावे, कशाला गुरगुरला ते लक्षात ठेवावे आणि त्या गोष्टीची सवय पशुवैद्य किंवा जाणत्या प्रशिक्षकाच्या मदतीने दुरूनच, खाऊ देत देत लावावी. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय कधीही ठेवू नये, मग तो कुत्रा घरचा असो, म्हातारा असो वा कितीही प्रेमळ असो. लहान मुलांना होणारे बहुतेक चावे अनोळखी कुत्र्यांचे नसतात. घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात.

सातवी पायरी: भुंकणे

भुंकण्याचा वाद चिघळतो कारण मालक घरी असताना कुत्रा गप्प असतो आणि मालक गेल्यावर शेजाऱ्याला भंडावून सोडतो. मालकाला ती तक्रार खरोखरच खोटी वाटते. इथे वाद घालण्यापेक्षा घरात फोन किंवा कॅमेरा लावून बाहेर जावे आणि परत आल्यावर चित्रण पाहावे. मालक गेल्यापासून काही मिनिटांतच कुत्रा दार खरवडत, लाळ गाळत, फेऱ्या मारत असेल तर तो एकटेपणाची धास्ती घेतलेला आहे. तो हट्टी नाही, आजारी आहे असे समजून पशुवैद्याकडे न्यावे, कारण यावर शिक्षेचा उपयोग होत नाही आणि विजेचा झटका देणारे पट्टे धास्ती आणखी वाढवतात. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक माणसावर भुंकत असेल तर खिडकीच्या खालच्या भागावर अपारदर्शक कागद लावल्याने आश्चर्य वाटावे इतका फरक पडतो. नुसताच कंटाळलेला असेल तर सकाळचे फिरणे वाढवावे आणि खाणे ताटलीत न देता त्याला शोधून, हुंगून काढावे लागेल असे ठेवावे.

नियमात किती वेळ भुंकणे सहन केले जाईल ते मिनिटांत लिहावे आणि रात्रीची वेळ वेगळी ठेवावी. तक्रारदाराने आठवडाभर वेळा नोंदवाव्यात. मालकाला सुधारणेसाठी किमान महिनाभराची मुदत द्यावी, कारण धास्ती घेतलेला कुत्रा चार दिवसांत बदलत नाही. या महिन्यात शेजाऱ्याने रोज दारावर थडकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा लेखी कळवले तर दोघांचेही संबंध टिकतात.

आठवी पायरी: चावा झाल्यास

ही कृती छापून प्रत्येक जिन्यात लावावी, कारण त्या क्षणी कोणाला काही सुचत नाही.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून सलग १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटे वाटतात त्याहून लांब असतात. तिखट, हळद, चुना, तेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा कुत्र्याची लाळ डोळ्यात, तोंडात अथवा उघड्या जखमेत गेली असेल, तर लशीसोबत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडे) लागते की नाही हे डॉक्टर ठरवतात. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून उपचार टाळायचे नाहीत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणे दिसण्याआधी नीट उपचार झाले तर जवळजवळ नेहमी वाचतो.

मालकाने तिथल्या तिथे आपले नाव, कुत्र्याच्या लसीचे कार्ड आणि पशुवैद्याचा संपर्क द्यावा आणि उपचारांचा खर्च उचलावा. भरपाईचा वाद नंतर होऊ शकतो, दवाखाना थांबू शकत नाही. कुत्र्याला दहा दिवस घरात वेगळे ठेवून निरीक्षणाखाली ठेवावे; तो दहा दिवसांनंतरही निरोगी असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानले जाते. या काळात कुत्र्याला मारून टाकणे, सोडून देणे किंवा दुसऱ्या गावी पाठवणे म्हणजे जखमी माणसाकडून एक महत्त्वाची माहिती हिरावून घेणे होय.

चावा किती गंभीर हे ठरवताना पशुवैद्य इयन डनबार यांची सहा पातळ्यांची मोजपट्टी वापरावी. पहिल्या पातळीत दात लागलेलेच नसतात. दुसरीत दात लागतात पण रुतत नाहीत. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार छिद्रे पडतात, आणि कोणतेही छिद्र सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसते. चौथीत ती त्याहून खोल जातात, म्हणजे कुत्र्याने धरून ठेवले किंवा झटका दिला. पाचवीत अनेक खोल चावे असतात आणि सहावीत मृत्यू. पहिल्या दोन पातळ्यांतला कुत्रा बहुधा सुधारतो; तिसरीत प्रशिक्षकाचे सातत्याने काम आणि बाहेर जाळी आवश्यक होते; चौथीपासून पुढे पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय कुत्रा वसाहतीच्या सामाईक जागेत आणू देऊ नये.

नववी पायरी: अंमलबजावणी

दंड ठेवायचा तर तो पहिल्या चुकीला नसावा आणि तिसऱ्या चुकीला चुकवता येऊ नये. पहिल्यांदा तोंडी आणि वहीत नोंद, दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा दंड. चावा असेल तर या पायऱ्या गाळून थेट बैठक. निर्णय तीन जणांनी घ्यावा: एक कुत्रा पाळणारा, एक न पाळणारा आणि एक असा की ज्याच्याबद्दल दोन्ही बाजूंना भरवसा आहे. पदाधिकाऱ्यांच्या घरच्या कुत्र्यालाही हेच लागू असावे, आणि पहिला दंड तिथे बसण्याची वेळ आली तर तो जाहीरपणे भरला जावा. सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडून पाहावी. ज्या कलमाखाली एकही नोंद आली नाही ते काढून टाकावे, आणि जे कलम कोणीच पाळत नाही त्याचे शब्द बदलावेत किंवा ते सोडून द्यावे.

एखाद्या घरात सगळे करूनही कुत्रा जमत नाही, अशीही वेळ येते. तेव्हा त्याला रस्त्यावर किंवा दूर नेऊन सोडणे हा पर्याय नाही. पाळलेल्या कुत्र्याला स्वतःचे अन्न शोधता येत नाही, आणि वसाहतीचा प्रश्न दुसऱ्या वस्तीच्या गळ्यात पडतो. पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, कारण दुखणे हे चिडचिडेपणाचे पुष्कळदा लपलेले कारण असते. त्यानंतरही घर बदलायचेच असेल तर नव्या मालकाला चाव्यांची आणि धास्तीची सगळी हकिकत लेखी द्यावी, त्यावर त्याची सही घ्यावी, आणि मायक्रोचिपची नोंद त्याच्या नावावर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत कुत्र्याची जबाबदारी जुन्या मालकाचीच राहील असे नियमात लिहावे.